नंबर लागला; आता तयारीला लागा



नगर जिल्ह्यातल्या ज्यांचा हज कमिटीच्या सोडतीत नंबर लागला आहे, जे वेटिंगवर आहेत आणि जे एखाद्या टूरवाल्याकडे नाव घालायच्या विचारात आहेत, त्या सर्वांसाठी हे आवाहन आहे. त्याहून जास्त ते त्यांच्या मुला-सुनांसाठी, गावातल्या डॉक्टरांसाठी आणि मशिदीच्या जमातीसाठी आहे. पहिल्यांदा हजला निघालेला आपल्याकडचा माणूस बहुधा साठीच्या आसपासचा किंवा पुढचा असतो. उसाच्या बिलातून, कांद्याच्या पट्टीतून, मुलाच्या पगारातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले पैसे घेऊन तो निघतो. विमानात तो पहिल्यांदाच बसणार असतो. काय विचारावं हेच त्याला ठाऊक नसतं, आणि लोक हसतील म्हणून थोडंफार सुचलेलंही तो विचारत नाही. त्याच्या वतीने आपण विचारायचं आहे, आणि ते आत्ताच विचारायचं आहे.

सोडतीचा मेसेज आला की घरात पेढे येतात, नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि चार दिवसांत सगळं थंड होतं. हप्ते भरले जातात, पासपोर्ट जमा होतो. माणसाची तयारी मात्र जिथल्या तिथे राहते. मग शेवटच्या महिन्यात एकच धावपळ उडते. खरं तर आता हाताशी पूर्वीपेक्षा जास्त वेळ असतो. मीनातले तंबू, मक्का-मदिनेतल्या इमारती, बसगाड्या हे सगळं सौदी सरकार कित्येक महिने आधी नक्की करून घेतं, म्हणून आपल्याकडचं वेळापत्रकही अलीकडे आलं आहे. २०२६ च्या हजचे अर्ज २०२५ च्या जुलैतच मागवले गेले. निवड झाल्यापासून विमानात बसेपर्यंत नऊ महिन्यांच्या आसपास वेळ मिळतो. एवढ्या वेळात साठीच्या माणसाचे पाय तयार होतात, साखर आटोक्यात येते, डोळ्याचं ऑपरेशन होऊन डोळा बरा होतो आणि हजचे सगळे अरकान, म्हणजे विधी, तोंडपाठ होतात. फक्त पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करायला हवी.

एवढी घाई कशाची, तर उन्हाची. इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळे हज दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ चा हज जूनच्या मध्यावर होता, २०२५ चा जूनच्या पहिल्या आठवड्यात. २०२६ चा मेच्या अखेरीस आणि २०२७ चा मेच्या मध्यावर येतो. म्हणजे अजून काही वर्षं तो भर उन्हाळ्यातच राहणार. २०२४ मध्ये मक्केच्या मस्जिद-ए-हराममध्ये पारा ५१.८ अंशांवर गेला होता. त्या हजमध्ये १,३०१ माणसं दगावल्याचं सौदी सरकारनेच जाहीर केलं. त्यांतली ८३ टक्के परवान्याविना आलेली होती. ना तंबू, ना गाडी, डोक्यावर ऊन आणि पायांखाली मैलोगणती रस्ता. त्या वर्षी आपल्या देशाचे किमान ९८ हाजी परत आले नाहीत.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हे वाक्य पारनेर, कर्जत, जामखेडकडे हमखास ऐकू येतं. वैशाखात कांदा काढलेल्या माणसाने ते म्हणावं यात नवल नाही. पण घरच्या उन्हात तो आपल्या मर्जीचा मालक असतो. बारा वाजले की लिंबाखाली भाकर सोडतो, तीन वाजेपर्यंत तिथेच आडवा होतो. हजच्या पाच-सहा दिवसांत वेळ आपल्या हातात नसते. जिलहिज्जच्या आठ तारखेला मीना, नऊला अरफातचं मैदान, ती रात्र मुज़दलिफात उघड्यावर, दहाला पुन्हा मीना, जमरातला कंकर मारणं, कुर्बानी, केस उतरवणं, मक्केला जाऊन तवाफ-ए-ज़ियारत आणि सई, आणि पुन्हा मीनाचा तंबू. बस मिळाली तर मिळाली, रस्ता तुंबला तर पायी. दहा तारखेला दहा-पंधरा किलोमीटर चालणं सहज होतं, आणि तेही लाखोंच्या गर्दीत, अर्धवट झोपेवर.

म्हणून चालायला आजच लागा. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचं, म्हणजे सईचं, अंतर साधारण तीन किलोमीटर भरतं. तवाफ गर्दीमुळे लांबून किंवा वरच्या मजल्यावरून करावा लागला तर त्याचेही तेवढेच, कधी जास्त होतात. नगर शहरातल्यांना हिशेब सोपा आहे. भुईकोट किल्ल्याला बाहेरून एक फेरी म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आत-बाहेर. फज्रनंतर दोन फेऱ्या मारल्या की एका सईएवढं चालणं झालं. पहिला महिना एक फेरी, मग दोन, निघण्याआधीच्या दोन महिन्यांत तीन. सकाळचं जमलं की आठवड्यातून एक-दोन दिवस उन्हं तिरपी असताना, डोक्यावर छत्री आणि हातात पाण्याची बाटली घेऊन चाला. दोघं नवरा-बायको जाणार असतील तर दोघांनी चालावं. आपल्याकडे चाचा एकटेच फिरायला जातात आणि चाची स्वयंपाकघरातच राहतात. तिकडे मात्र दोघांना तेवढंच चालायचं असतं. चाचीला सकाळचा तासभर मोकळा करून देणं हे सुनेचं आणि मुलाचं काम आहे.

पायांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच सर्वांत जास्त हेळसांड होते. तवाफ आणि सई अनवाणी होते. रोज शेतात राबलेल्या पायांच्या टाचांना भेगा असतात, आणि मधुमेह जुना असेल तर तळव्यांची जाणीव कमी झालेली असते. फोड आला, कातडी सोलली, चटका बसला तरी कळत नाही. कळतं तेव्हा पाय सुजलेला असतो आणि मीनाचे दिवस तोंडावर आलेले असतात. म्हणून रोज रात्री पाय कोमट पाण्याने धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, टाचांना व्हॅसलीन चोळून झोपायची सवय आत्तापासून लावा. नातवाला शेजारी बसवून त्याच्याकडून तळवे पाहून घ्या, आपल्याला आपला तळवा नीट दिसत नाही. नवी चप्पल निघायच्या आठवड्यात घेऊ नका. दोन महिने आधी घ्या, तीच वापरून पायांना बसवा. एहरामच्या हालतीत पुरुषांनी पायाचा वरचा उंचवटा झाकणारं पायताण घालायचं नसतं, तेव्हा तो उघडा ठेवणारी चप्पल निवडा. कापडाची एक छोटी पिशवी शिवून घ्या. हरममध्ये शिरताना चप्पल तिच्यात घालून गळ्यात अडकवायची. दाराशी काढून ठेवलेली चप्पल परत सापडत नाही, आणि तापलेल्या फरशीवरून, डांबरावरून मुक्कामापर्यंत अनवाणी आलेल्या माणसाचे पुढचे चार दिवस वाया जातात.

पाण्याचंही बोललं पाहिजे. मीना आणि अरफातमध्ये संडास-बाथरूमपुढे रांगा असतात. त्या रांगांच्या धास्तीने आपल्या आया-बहिणी पाणी पिणंच कमी करतात. लाजेपायी हे कोणी मौलानांना सांगत नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यात रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असली तर अंगातलं पाणी आणखी झपाट्याने जातं, आणि पन्नास अंशांच्या जवळपासच्या उन्हात ते जीवावर बेतू शकतं. माझी डॉक्टर मंडळींना विनंती आहे की हजला निघालेल्या बाईशी याबद्दल स्पष्ट बोला. गोळ्यांच्या वेळा प्रवासाप्रमाणे लावून द्या. ओआरएसची पाकिटं कशी आणि केव्हा घ्यायची ते कागदावर मराठीत लिहून द्या. इन्सुलिन असेल तर ते थंड कसं ठेवायचं, जेवण लांबलं तर काय करायचं, हेही सांगा. मोतीबिंदू असेल, दात दुखत असेल, हर्नियाचं ऑपरेशन टाळत आणलं असेल, तर त्याचा निकाल आत्ता लावा. गंभीर आजारांच्या बाबतीत सौदीने तब्येतीच्या अटी अलीकडे कडक केल्या आहेत, त्यामुळे तपासणीच्या दाखल्यावर उगाच सही मारून देणारा डॉक्टर त्या हाजीवर उपकार करत नाही. मेंदूज्वराची लस सक्तीची आहे आणि ती तिकडे पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पोलिओचे थेंबही असतात, वयस्करांनी फ्लूची लस घ्यावी. लसीकरणाच्या शिबिराची तारीख एकदाच लागते. ती चुकवून, मग धावाधाव करणारी माणसं दर वर्षी असतात.

आता पैशांकडे वळतो. इथे मला हात जोडून सांगायचं आहे. हज होतो तो फक्त हजच्या व्हिसावर. व्हिजिट व्हिसावर, टुरिस्ट व्हिसावर, ‘तिकडे पोचल्यावर बघून घेऊ’ या बोलीवर हज होत नाही. परवान्याविना हज करताना सापडलेल्याला २०२५ मध्ये २० हजार रियालपर्यंत दंड जाहीर झाला होता, म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या घरात. वर मायदेशी रवानगी आणि दहा वर्षं प्रवेशबंदी. २०२४ मध्ये मेलेल्यांत बहुतांश कोण होते, ते वर आलंच आहे. हजचं ओळखपत्र, म्हणजे नुसुक कार्ड, गळ्यात असल्याशिवाय आता मीना-अरफातमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. तेव्हा शहरातल्या एखाद्या गाळ्यात टेबल टाकून बसलेला माणूस कमिटीपेक्षा स्वस्तात, नंबर न लावता हज घडवतो म्हणाला की तिथून उठा. तो ओळखीचा असला, दाढीवाला असला, नमाजी असला, आपल्या साडूचा मित्र असला तरी उठा.

नोंदणीकृत खासगी टूरचा मार्ग कायदेशीर आहे, पण तोही डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. २०२५ साली देशाचा कोटा १,७५,०२५ होता. त्यांतल्या १,२२,५१८ जागा हज कमिटीकडे आणि ५२,५०७ खासगी टूरकडे होत्या. मीनातल्या तंबूंचे आणि वाहतुकीचे करार खासगी टूरवाल्यांकडून वेळेत पुरे झाले नाहीत आणि ऐन वेळी या जागा हातच्या गेल्या. केंद्र सरकारच्या रदबदलीनंतर सौदीने १० हजारांपुरतं दार पुन्हा उघडलं. उरलेल्या सुमारे ४२ हजार जागांची माणसं, पैसे भरून, कपडे शिवून, नातेवाइकांचा निरोप घेऊन घरीच बसली. म्हणून टूर निवडताना अल्पसंख्याक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या यादीत त्या कंपनीचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. गेल्या वर्षीचा परवाना चालत नाही. मुख्य कंपनी मुंबईची आणि नगरचा माणूस तिचा दलाल असेल, तर पैसे दलालाच्या खात्यात नाही, कंपनीच्या खात्यात गेले पाहिजेत. रोख देऊ नका. पावती घ्या. मक्केतला मुक्काम हरमपासून किती लांब, मीनात तंबू कुठल्या भागात, कुर्बानी धरली आहे का, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं, हे लेखी घ्या. आधी उमरा करून येऊ म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे. स्वस्त उमऱ्याच्या जाहिरातीला भुलून पैसे भरणाऱ्याने परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग आपल्या नावाने झालं आहे का, ते आधी बघावं. फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नका, पोलिसांकडे जा. गप्प बसलात तर पुढच्या वर्षी त्याच गाळ्यात तुमचा शेजारी फसतो.

हज कमिटीतून जाणाऱ्यांनीही हप्त्यांच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. २०२५ च्या हजचा पहिला हप्ता १,३०,३०० रुपयांचा आणि दुसरा १,४२,००० चा होता, शेवटचा हप्ता विमानतळाप्रमाणे बदलतो. आपल्या जिल्ह्यातून कोणी मुंबईहून जातं, कोणी दुसऱ्या विमानतळावरून. सगळीकडचं भाडं सारखं नसतं, तेव्हा अर्ज भरतानाच विचार करून ठिकाण निवडा. २०१८ पासून हजचं अनुदान बंद आहे, सगळा खर्च ज्याचा त्याचाच. नगरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात अर्ज करताना आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळवून घ्या. एकीकडे ‘शेख’ आधी, दुसरीकडे शेवटी, बाईच्या एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, अशा गोष्टींत महिने जातात.

आणि हा पैसा कुठून येतो, तेही पाहायला हवं. हज फर्ज आहे तो ऐपत असलेल्यावर. विकास सोसायटीचं कर्ज थकवून, पतसंस्थेतून नवं उचलून, जनावरं विकून जाणं कोणी मागितलेलं नाही. देणी फेडून जा, बायकोचा मेहर राहिला असेल तर तो देऊन जा. आणखी एक गोष्ट, जी बोलायला आपण कचरतो. वडिलांच्या जमिनीत बहिणीचा वाटा शरियतने ठरवून दिला आहे. तो न देता, उलट हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेऊन, त्याच रानातल्या उसाच्या पैशांवर काही जण हजला निघतात आणि जाताना त्याच बहिणीच्या दारात ‘कहा-सुना माफ करना’ म्हणून उभे राहतात. तीही बिचारी डोळे पुसत माफ करते. भावांनो, माफी मागण्याआधी तिचा वाटा द्या. मौलानांनी हे जुम्याच्या बयानात मोकळेपणाने सांगावं, अशी माझी विनंती आहे.

निरोपाच्या दावतींबद्दलही स्पष्ट लिहितो. निघण्याआधीचे पंधरा दिवस आपण हाजीला जेवू घालून आजारी पाडतो. आज या मोहल्ल्यात, उद्या त्या गावात, रोज बिर्याणी, रोज जागरण, रोज हार. साखरेच्या माणसाला शिरखुर्म्याचा आग्रह. मग विमानतळापर्यंत चार-पाच गाड्या भरून माणसं जातात. प्रेम आहे, मला कळतं. पण तो पैसा एखाद्या गरजू हाजीच्या औषधांना, छत्रीला, चांगल्या चपलेला लागला तर जास्त बरं. या दिवसांत त्याला झोपू द्या, चालू द्या, अरकानची पुस्तिका पुन्हा वाचू द्या. भेटायला जायचं तर पाच मिनिटं जा.

सामानात काय नको, हे काय हवं यापेक्षा महत्त्वाचं आहे. खसखस सौदीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. आपल्या घरात ती मसाल्यात असते, अनारशांवर असते, बाळंतिणीच्या लाडवात असते. घरच्या मायेने करून दिलेला मसाल्याचा डबा तिकडे कस्टमवर उघडला गेला तर साठीच्या बाईला काय उत्तर देता येणार? गुटखा, तंबाखू, मिश्री, कापूर, झोपेच्या सुट्या गोळ्या यांतलं काहीही नको. लागणारी औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यायची. आणि शेजाऱ्याने ‘जेद्द्याला आमचा पोरगा आहे, त्याला एवढं द्या’ म्हणून दिलेलं शिवलेलं पुडकं कितीही जवळच्याचं असलं तरी घेऊ नका. रुसला तर रुसू द्या.

एहराम नेसण्याचा सराव घरी करा. पुरुषांच्या दोन पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी. वरची खांद्यावर, खालची कमरेला. लुंगी नेसणाऱ्याला वाटतं यात काय शिकायचं. पण त्याच कपड्यात जिना चढायचा असतो, बसमध्ये पाय उचलायचा असतो, गर्दीत ढकलाढकली सोसायची असते. एक घडी मध्यभागी जास्त घेतली तर चालताना मांडी उघडी पडत नाही, आणि वरून पट्टा आवळला की खालची चादर सुटत नाही. मांड्यांना मांड्या घासून सोलवटतात, त्यासाठी बिनवासाचं मलम जवळ ठेवा. एहराममध्ये सुगंध चालत नाही, साबणही बिनवासाचाच लागतो. जेद्द्याला उतरून थेट मक्केला जाणाऱ्यांची मीकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नसते ती हद्द, विमानातच ओलांडली जाते, म्हणून एहराम इथूनच नेसून निघायचं. आधी मदिना असेल तर तसं नाही. तुमचं विमान कुठे उतरणार, ते कळल्याबरोबर प्रशिक्षकाला विचारून घ्या.

२०१८ पासून ४५ वर्षांवरच्या महिलांना मेहरमशिवाय, म्हणजे सोबत जवळचा पुरुष नातलग नसताना, हजचा अर्ज करता येतो. २०२३ मध्ये देशभरातून ४,३०० हून अधिक जणी अशा गेल्या. आपल्या जिल्ह्यातही विधवा, एकट्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या बहिणी आहेत, ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि सोबत नाही म्हणून त्या थांबल्या आहेत. त्यांना ही सवलत सांगा. ‘एकटी कशी जाणार’ म्हणत त्यांना मागे ओढू नका. जाणाऱ्या प्रत्येक बाईला, नवऱ्यासोबत जात असली तरी, स्वतःचा फोन आणि तो वापरण्याची अक्कल हवी. मीनात नजर जाईल तिथवर सारखेच पांढरे तंबू. नवरा पाणी आणायला गेला आणि वळणावर चुकला तर तिच्याकडे ना फोन, ना तंबूचा नंबर. नातवंडांनो, हे तुमचं काम आहे. दादीला व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवायला शिकवा. तंबूजवळच्या खांबावरच्या नंबराचा फोटो काढायला शिकवा. हज सुविधा अ‍ॅप उघडून दाखवा. एका बसणीत जमणार नाही; रोज दहा मिनिटं, महिनाभर.

आता सर्वांत महत्त्वाची मागणी. हजचं प्रशिक्षण मराठीत द्या. घरात आपण दखनी बोलतो, मशिदीत उर्दू ऐकतो, पण अकोल्याच्या, शेवगावच्या, पाथर्डीच्या खेड्यातला आपला माणूस जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेला आहे. उर्दू त्याला समजते, वाचता येत नाही. त्याच्या हातात उर्दू पुस्तिका दिली की तो ती आदराने कपाटात ठेवतो. तालुक्याच्या गावी एखाद्या मंगल कार्यालयात दिवसभराचं शिबिर होतं, पुठ्ठ्याचा काबा मांडून तवाफ दाखवतात, सगळे माना डोलावतात, आणि संध्याकाळी विचारलं तर जमरातला कोणत्या दिवशी किती कंकर, हे दहांतल्या दोघांना सांगता येतं. एका दिवसात हज शिकून होत नाही. दर आठवड्याला दीड तास बसा. तारखेप्रमाणे, आठपासून तेरा जिलहिज्जपर्यंत, रोज काय करायचं ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याची एक-एक प्रत प्रत्येकाला द्या. काय चुकलं तर दम, म्हणजे भरपाईची कुर्बानी, लागू होतो, काय चुकलं तरी चालतं, आजारी किंवा अशक्त माणसाला कुठे सवलत आहे, हे विशेष करून सांगा. सवलत माहीत नसल्यानेच म्हातारी माणसं भर दुपारी कंकर मारायला निघतात.

आपल्याच जिल्ह्यातून दरसाल संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला जाते. पहिल्यांदा वारीला निघालेल्या माणसाला दिंडी एकटं टाकत नाही. कुठे थांबायचं, पाय कसे शेकायचे, तंबूत कुठे पडायचं, सगळं जुनी माणसं त्याला हाताला धरून दाखवतात. तशीच आपल्या गावागावांत हज करून आलेली माणसं आहेत. त्यांनी आपल्या नावामागे ‘हाजी’ लावून घेतलं, खजूर आणि आब-ए-ज़मज़म वाटलं, आता शिकवायला बसावं. गेल्या दोन-तीन वर्षांत जाऊन आलेल्यांना तर आवर्जून बोलवा, कारण कार्ड, अ‍ॅप, बसचे नियम यांतलं बरंच त्यांनाच ठाऊक आहे. नगरच्या दमडी मशिदीबद्दल सांगतात की किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतली एक-एक दमडी बाजूला काढली आणि १५६७ च्या सुमारास ती उभी राहिली. त्या शहरात हाजींच्या शिकवणीसाठी एक खोली, एक फळा आणि चार माणसांचा वेळ मिळायला अडचण पडू नये.

मागे राहणाऱ्या घराचीही सोय लावा. हजचा नेहमीचा प्रवास चाळीस दिवसांच्या आसपास चालतो. गोठ्यातल्या गाईंची धार कोण काढणार, मोटर कोण चालू करणार, म्हाताऱ्या सासूला औषध कोण देणार, हे ठरलेलं नसलं की तिकडे बसलेला माणूस काबा पाहतो आणि फोनवर दुधाचा हिशेब विचारतो. भाऊबंदांनी आणि शेजाऱ्यांनी ही कामं वाटून घ्यावीत. यात हिंदू शेजारी मागे राहत नाहीत, हे नगर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. त्यांना सांगा म्हणजे झालं.

श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे, जिथे जिथे हे वाचलं जाईल तिथल्या जमातींना शेवटची विनंती. येत्या शुक्रवारी नमाजनंतर उभं राहून विचारा की आपल्या गावातून, मोहल्ल्यातून यंदा पहिल्यांदा हजला कोण कोण निघालं आहे. त्यांची नावं, वय, आजार, सोबत कोण, हे एका वहीत उतरवून घ्या. एक डॉक्टर, एक जुना हाजी, एक मोबाइल चांगला चालवणारी मुलगी आणि एक मराठीत नीट लिहिणारा शिक्षक, असे चौघं त्यांच्यामागे लावा. आणि शनिवारी फज्रनंतर त्या सगळ्यांना घेऊन चालायला निघा.